पाडा उठायच्या आधी: स्थलांतरित आदिवासी मुलांसाठी काय, कधी आणि कुणी करायचं

दिवाळी आटोपली की पालघर, ठाणे, रायगडचे कातकरी पाडे महिनाभरात रिकामे होतात. मोखाडा-जव्हारची कुटुंबं भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात, रायगडची बरीचशी कोळसाभट्ट्यांवर, नंदुरबारची भिल आणि पावरा कुटुंबं ऊसतोडीला, मेळघाटातले कोरकू मैदानात शेतमजुरीला. कुणी होळीला परततं, कुणी अक्षय्य तृतीयेला, कुणी थेट पावसाच्या तोंडावर. मधले चार-सहा महिने त्यांची लहान मुलं कुणाच्याच हिशेबात नसतात. पाड्यावरच्या अंगणवाडीत नावापुढे ‘स्थलांतरित’ असा शेरा पडतो, आणि भट्टीजवळच्या अंगणवाडीला ही मुलं आल्याचा पत्ताच नसतो.

आदिवासी भागातल्या कुपोषणाची चर्चा पावसाळ्याभोवती फिरते, आणि त्याला कारण आहे. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत बालमृत्यू झाले, त्याच सुमारास मेळघाटातले मृत्यू गाजले, आणि १९९५ मध्ये नवसंजीवनी योजना आली. पावसाळ्याआधी दुर्गम गावांत धान्य आणि औषधं पोहोचवण्यावर तिचा मोठा भर होता. पण पावसाळ्यात खालावलेलं मूल भरून यायचे महिने त्यानंतरचे असतात, आणि नेमके तेच महिने ते भट्टीवर काढतं. कच्च्या विटा रचून केलेली खोपी, आई-बाप मध्यरात्रीनंतर विटांच्या थापणीला, दोन वेळचा भात आणि पातळ कालवण, धाकट्याला सांभाळायला आठ वर्षांची बहीण. नव्या योजनेपेक्षा आहेत त्या सेवा कुटुंबाबरोबर हलवण्याची निकड जास्त आहे, असं आमचं ठाम मत आहे. हे हलवण्याचं निम्मं काम कुटुंब निघायच्या आधी पाड्यावरच उरकावं लागतं. एकदा टेंपो भरला की कुणाच्या हातात काही राहत नाही.

सुरुवात यादीपासून. कोण जाणार हे विचारायची वेळ गणपती ते दसरा. याच दिवसांत मुकादम, म्हणजे मजूर जमवणारा दलाल, पाड्यावर येऊन उचल, म्हणजे मजुरीपोटी आगाऊ रक्कम, देतो. घरात पैसा नसतो, भात अजून शेतात असतो, सण तोंडावर असतो. उचल घेतली म्हणजे जाणं ठरलं. म्हणून ‘तुम्ही यंदा जाणार का?’ असं विचारण्यापेक्षा ‘उचल कुणाकडून घेतली?’ असं विचारावं, उत्तर खरं मिळतं. प्रत्येक घरामागे एवढं लिहून घ्यायचं: मुलांची नावं आणि वयं, गरोदर बाई असेल तर बाळंतपणाची अंदाजे तारीख, भट्टीचं गाव आणि तालुका, मुकादमाचा फोन, त्यांच्यासोबत जाणाऱ्या आणखी एकाचा फोन, आणि पाड्यावर मागं कोण राहणार. दुसरा फोन अत्यावश्यक आहे, कारण मुकादम मधेच भट्टी बदलतो आणि मग त्याचा फोन लागत नाही. लोक माहिती द्यायला कचरतात, तेही समजून घ्या. नाव लिहिलं की रेशन कापतील, आश्रमशाळेतून पोराचं नाव काढतील, ही भीती असते. तसं होणार नाही हे आधी बोलायचं, वही नंतर उघडायची.

यादी झाली की मोजमाप. सप्टेंबरमध्येच पाच वर्षांखालच्या प्रत्येक मुलाचं वजन, उंची आणि दंडघेर घ्या. सप्टेंबरच का? सॅम, म्हणजे तीव्र कुपोषित, निघालेल्या मुलाला ग्राम बाल विकास केंद्रात काही आठवडे दिवसातून अनेकदा थोडंथोडं खाऊ घालावं लागतं. ऑक्टोबरच्या शेवटी निदान झालं तर उपचार अर्धवट टाकून मूल भट्टीवर जातं, आणि वर भरलेलं वजनही दोन महिन्यांत उतरतं.

दंडघेर मोजायला सोपा वाटतो, पण बहुतेक चुका तिथेच होतात. पट्टी सहा महिने पूर्ण झालेल्या ते पाच वर्षांच्या मुलांसाठी आहे. मुलाचा डावा हात कोपरात काटकोनात वाकवा, खांद्याच्या हाडाचं टोक आणि कोपराचं टोक यांच्या बरोबर मध्यावर पेनानं खूण करा, मग हात सरळ आणि सैल सोडून त्या खुणेवर पट्टी गुंडाळा. पट्टी कातडीला सगळीकडून टेकलेली हवी, पण मांस दबता कामा नये. ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरलं तर सॅम, ११.५ ते १२.५ च्या आत असेल तर मॅम, म्हणजे मध्यम कुपोषित. त्यानंतर दोन्ही पावलांच्या वरच्या बाजूला अंगठ्यानं तीन सेकंद दाबा. दोन्हीकडे खळगा राहिला तर पट्टीवरचा आकडा काहीही असो, ते मूल सॅम आहे आणि त्याला दवाखान्यातच न्यायचं. वाकलेल्या हातावर मोजणं, सदऱ्याच्या बाहीवरून मोजणं, खूण न करता अंदाजानं पट्टी लावणं, यांतून दोन-चार मिलिमीटरचा फरक पडतो आणि तेवढा एखादं मूल यादीबाहेर राहायला पुरतो. उंचीचंही असंच: दोन वर्षांखालचं मूल आडवं झोपवून मोजायचं, त्यावरचं उभं करून. लहान मुलाला उभं करून मोजलं तर उंची सुमारे ०.७ सेंटिमीटर कमी येते आणि उंचीच्या मानानं वजनाचा हिशेब चुकतो.

सॅम मुलाला भूक नसेल, ताप, जुलाब किंवा धाप असेल, तर गावातल्या केंद्रात ठेवू नका. त्याला पोषण पुनर्वसन केंद्र किंवा बाल उपचार केंद्र लागतं, आणि तिथला मुक्काम साधारण दोन आठवड्यांचा असतो. आई चौथ्या दिवशी मुलाला घेऊन निघून जाते, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. तिची मजुरी बुडते आणि घरी दुसरी दोन मुलं असतात, एवढंच त्याचं कारण. नवसंजीवनीत याची सोय आहे: मुलासोबत राहणाऱ्या पालकाला बुडीत मजुरी मिळते. हे तिला भरती होतानाच सांगितलं आणि बँक पासबुकाची प्रत तेव्हाच घेतली, तर थांबण्याची शक्यता खूप वाढते. दवाखान्यातून घरी सोडायच्या दिवशी कागद मागायला गेलं की पैसे महिनोन् महिने रखडतात आणि पुढच्या वेळी कुणी विश्वास ठेवत नाही.

निघताना सोबत काय द्यायचं? लोहाचं सरबत सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना आठवड्यातून दोनदा १ मिलिलीटर असतं. म्हणजे ५० मिलिलीटरची एक बाटली जवळजवळ सहा महिने जाते, अख्खा भट्टीचा हंगाम. बाटली देताना दोन वार ठरवून द्या, त्यातला एक खर्ची (आठवड्याच्या खर्चाचे पैसे) मिळण्याचा, म्हणजे बाजाराचा असला की लक्षात राहतो. मूल आजारी असताना ते थांबवायचं, आणि सॅम मुलाला डॉक्टरांना विचारूनच द्यायचं. जुलाबासाठी ओआरएसची पाकिटं आणि झिंकच्या गोळ्या: सहा महिन्यांपुढच्या मुलाला रोज २० मिलिग्रॅम, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला १०, आणि जुलाब थांबले तरी चौदा दिवस पूर्ण. हे ‘थांबले तरी’ तीनदा सांगावं लागतं. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं मूल असेल तर त्याच्या रोजच्या गोळ्या हंगामभराच्या द्या आणि तपासणीचं कार्ड सोबत पाठवा. भट्टीवर हातपाय दुखून रडणाऱ्या मुलाकडे कुणी सिकलसेलच्या नजरेनं पाहत नाही.

लसीकरणाबद्दल एक गैरसमज सगळीकडे भेटतो: मधे खंड पडला, आता पहिल्यापासून. तसं नाही. राहिलेल्या डोसापासून पुढे जायचं असतं. बीसीजी एक वर्षापर्यंत देता येते, गोवर-रुबेला पाच वर्षांपर्यंत. पण भट्टीजवळच्या परिचारिकेला आधी काय दिलंय हे कळायला माता-बाल संरक्षण कार्ड लागतं. ते मूळ कार्ड मुलासोबत जायलाच हवं, आणि त्याच्या दोन्ही बाजूंचा फोटो आशाताईंच्या फोनमध्ये हवा. बाकी मूळ कागद भट्टीवर नेऊ नयेत. खोपीत उंदीर, आग, अवकाळी पाऊस, सगळंच असतं. ते पाड्यावर मागं राहणाऱ्या आजीकडे किंवा शाळेत ठेवावेत आणि सोबत झेरॉक्स द्यावी. आधार कार्ड मुकादमाकडे ‘ठेवायला’ मात्र कधीही देऊ नये. ठेवायला दिलेलं कार्ड हिशेब होईपर्यंत परत मिळत नाही.

कागदांत सगळ्यात आधी जन्मदाखला. नोंद २१ दिवसांत मोफत होते, ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क भरून, एक वर्षापर्यंत लेखी परवानगीनं, आणि वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय होत नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेशापासून पुढच्या बहुतेक कामांना हाच दाखला जन्मतारखेचा पुरावा धरला जातो, त्यामुळे तो चुकवणं आता पूर्वीपेक्षा महाग पडतं. गोंधळ होतो तो ठिकाणाचा. नोंद जिथे जन्म झाला तिथे होते, आई-बापाच्या गावात नाही. भट्टीवर जन्मलेल्या बाळाची नोंद त्या भट्टीच्या ग्रामपंचायतीत करायची, आणि तीही मुक्काम हलायच्या आत. पाड्यावर परतल्यावर आपले ग्रामसेवक ती करू शकत नाहीत, मग कुटुंबाला पन्नास-शंभर किलोमीटरच्या खेपा पडतात. बाळाचं नाव अजून ठेवलं नाही म्हणून नोंद थांबवू नका. नावाशिवाय नोंद होते, वर्षाच्या आत नाव विनाशुल्क घालता येतं आणि पुढे पंधरा वर्षांपर्यंत शुल्क भरून. बारशाची वाट पाहत गेलेले २१ दिवस हे नोंद राहण्याचं अगदी नेहमीचं कारण आहे.

जमातीचा दाखला लहानपणी कुणाला सुचत नाही आणि अकरावीच्या प्रवेशाला सगळे धावतात. अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५० आधीच्या वास्तव्याचा आणि जमातीचा पुरावा मागतात. ज्या घरात आजोबाही शाळेत गेले नाहीत तिथे शाळेचा उतारा कुठून येणार? अशा वेळी तहसील कार्यालयातल्या अभिलेख कक्षात गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुकाची जन्म-मृत्यूची नोंद शोधावी. जुनी नोंद मोडी लिपीत असेल तर जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्यावं लागतं. कातकऱ्यांची नोंद ‘काथोडी’ अशीही सापडते. अनुसूचीत दोन्ही नावं आहेत, त्यामुळे त्यावरून अर्ज अडवला तर हटून बसावं. कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या राज्यातल्या तीन विशेष असुरक्षित जमाती. २०२३ च्या नोव्हेंबरात सुरू झालेल्या पीएम-जनमन मोहिमेत त्यांच्या वस्त्यांवर कागदांची शिबिरं घेतली जातात. मात्र शिबिर जानेवारीत लावलं तर पाड्यावर म्हातारी माणसं तेवढी भेटतात. तारीख ग्रामसभेनं मागून घ्यावी, पावसाळा संपता संपता.

आता भट्टीकडची बाजू. कुटुंब पोहोचल्यापासून पहिल्या आठवड्यात पाड्याच्या अंगणवाडीताईंनी भट्टीजवळच्या अंगणवाडीताईंना फोन करायचा. सगळ्या व्यवस्थेत याहून स्वस्त आणि याहून उपयोगी दुसरी गोष्ट नाही. पोषण ट्रॅकर या अंगणवाडीच्या नोंदींच्या ॲपमध्ये मूल जुन्या अंगणवाडीतून स्थलांतरित म्हणून हललं नाही तर नव्या ठिकाणी नोंद अडकते, आणि नोंद नाही म्हणून आहार नाही असं उत्तर मिळतं. अंगणवाडीची सेवा त्या भागात राहणाऱ्या प्रत्येक लहान मुलासाठी असते, रहिवासी दाखला ही अट नाही, हे तिथल्या पर्यवेक्षिकेकडून एकदा वदवून घ्यावं. भट्ट्यांची रांग असेल आणि सहा वर्षांखालची ४० मुलं एका वस्तीत असतील, तर सर्वोच्च न्यायालयाच्या १३ डिसेंबर २००६ च्या आदेशानुसार मागणी केल्यापासून तीन महिन्यांत अंगणवाडी मिळायला हवी. मागणी लेखी द्या, मुलांची नावं आणि वयं जोडा, पोच घ्या. हंगाम सहा महिन्यांचा आहे, तेव्हा अर्ज नोव्हेंबरातच जायला हवा.

अंगणवाडी जवळ असूनही मुलं जात नाहीत, याचं कारण बहुतेकदा वेळ. थापणी मध्यरात्रीनंतर सुरू होते, सकाळी नऊ-दहाला आई दमून आडवी होते आणि अंगणवाडी तेव्हा उघडते. मुलाला पोहोचवणारी असते थोरली बहीण, आणि ती स्वतः शाळाबाह्य. म्हणून एकट्या धाकट्याचं नाव घालून भागत नाही. बहिणीचा शाळाप्रवेश आणि भावाची अंगणवाडी एकाच दिवशी करावी, शाळा आणि अंगणवाडी एका आवारात असतील तर उत्तमच. तीन वर्षांखालच्या मुलांचा घरपोच आहार खर्चीच्या दिवशी भट्टीवर वाटावा, तेव्हा सगळ्या बाया एका जागी सापडतात.

गरोदर बाईचा विचार वेगळा करावा लागतो. अनुसूचित क्षेत्रात २०१५ पासून अमृत आहार योजना आहे: गरोदरपणाचे शेवटचे तीन महिने आणि बाळंतपणानंतरचे सहा महिने अंगणवाडीत एक वेळचं गरम, चौरस जेवण. भट्टी त्या क्षेत्राबाहेर असेल तर हे ताट तिला मिळत नाही, फक्त नेहमीचा घरपोच आहार मिळतो. ज्या बाईचे दिवस डिसेंबर-जानेवारीत भरतात तिला आणि सोबत सासूला बाळंतपण होईपर्यंत पाड्यावर ठेवता येईल का, ही बोलणी दसऱ्यालाच नवऱ्याशी करावी. नंतर उचलीचा दाब येतो आणि बोलून उपयोग होत नाही. भट्टीवरच बाळंतपण होणार असेल तर जवळचं आरोग्य केंद्र, १०२ आणि १०८ हे रुग्णवाहिकेचे क्रमांक, आणि तिथल्या आशाताईंचं नाव, हे सोबतच्या निदान तिघींना तरी पाठ हवं. दवाखान्यात बाळंतपण झालं की आशाताईंच्या भेटी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी असतात. घरी झालं तर पहिल्या दिवशीही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं केलेल्या प्रयोगात गावातल्याच प्रशिक्षित बाईनं घरी जाऊन घेतलेल्या काळजीनं नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. १९९९ मध्ये ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि देशभराच्या या भेटी त्यातूनच उभ्या राहिल्या. खोपीतलं बाळ याच भेटींतून गळतं, हे फार दुखणारं आहे. गरोदर आणि बाळंत आईला पैसे देणाऱ्या मातृवंदना योजनेचा दुसरा हप्ता, पहिल्या बाळाला २,००० रुपयांचा, जन्मनोंद आणि साडेतीन महिन्यांच्या लसी झाल्यावरच मिळतो. म्हणजे भट्टीवर एक नोंद चुकली की पैसेही अडकतात.

रेशन आता कुठल्याही दुकानात मिळतं. अंत्योदयाचं ३५ किलो धान्य थोडं भट्टीजवळ आणि थोडं पाड्यावर मागं राहिलेल्या माणसानं उचलता येतं. अडतं ते अंगठ्यावर: माती आणि राखेत काम करून बोटांच्या रेषा झिजतात आणि यंत्र ठसा घेत नाही. म्हणून निघण्याआधी आधारला चालू मोबाइल क्रमांक जोडून घ्यावा, म्हणजे ओटीपीवर काम होतं. कार्डावरच्या सगळ्यांचं ई-केवायसीही तेव्हाच उरकावं.

शाळेच्या मुलांसाठी पहिली पसंती मागं राहण्याला द्यावी. हंगामी वसतिगृहाच्या सोयीत मूल पाड्यावरच आजीकडे किंवा शेजाऱ्यांकडे राहतं आणि त्याच्या दोन वेळच्या जेवणाची व्यवस्था होते. त्यासाठी शाळा व्यवस्थापन समितीनं मुलांची यादी दिवाळीच्या सुटीआधी पाठवावी लागते. मंजुरी जानेवारीत आली तर मुलं तोवर गेलेली असतात. जाणाऱ्या मुलाला शिक्षण हमी कार्ड, म्हणजे नव्या शाळेत दाखवायचं कार्ड, द्यावं. कार्ड नसलं तरी शिक्षण हक्क कायद्यानं वयाचा पुरावा किंवा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही.

आणि शेवटी तो विषय, जो आरोग्य आणि शिक्षणाच्या बैठकांत टाळला जातो. उचल फिटेपर्यंत जायचं नाही, पोरगं ठेवून जा, अशी अट आली की ती वेठबिगारी आहे. २०२२ मध्ये इगतपुरी तालुक्यातल्या उभाड्याच्या कातकरी मुलीच्या मृत्यूनंतर, थोड्याशा पैशांवर आणि एखाद्या मेंढीवर मेंढ्या राखायला दिलेली कितीतरी मुलं नाशिक-नगर भागात उघडकीस आली. १९७६ च्या कायद्यानं असं कर्ज आपोआप रद्द होतं, ते फेडण्याची जबाबदारी उरत नाही. करायचं काय: तहसीलदार किंवा प्रांताधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार, मूल असेल तर सोबत १०९८ या बाल मदत क्रमांकावर फोन आणि बाल कल्याण समितीला माहिती. जबाब मुकादमासमोर घेऊ देऊ नका. सुटकेनंतर मुक्ती प्रमाणपत्र, म्हणजे वेठबिगारीतून सुटल्याचा सरकारी दाखला, मागा. तातडीची ३०,००० रुपयांपर्यंतची मदत खटल्याच्या निकालावर अवलंबून नसते. प्रमाणपत्र हातात न घेता कुटुंबाला गाडीत बसवून घरी धाडलं, तर पुनर्वसन तिथेच खुंटतं आणि पुढच्या गणपतीत तोच मुकादम पुन्हा उचल घेऊन दारात येतो.

कुटुंबं परतली की आठ दिवसांच्या आत सप्टेंबरची वही काढून बसायचं. तेच मूल, तीच पट्टी, शक्यतो मोजणारा हातही तोच. दंडघेर उतरला असेल तर पावसाआधी ग्राम बाल विकास केंद्र सुरू करायला मे-जूनचे जेमतेम चार आठवडे मिळतात. राहिलेले डोस, भट्टीवरच्या जन्मांचे दाखले, शाळेतली नावं, सगळं याच वहीवरून तपासावं. आणि ज्या मुलाचं नाव वहीत आहे पण ते परतलेलं नाही, त्याची चौकशी आधी आई-बापाकडे एकांतात करावी. ‘मामाकडे ठेवलंय’ असं उत्तर आलं तर मामाचं गाव आणि फोन घ्यावा आणि त्याच दिवशी तिथल्या आशाताईंकडून किंवा पोलीस पाटलांकडून मूल खरंच तिथे आहे का याची खात्री करावी.